आधी वस्तू, मग अक्षर
पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवत. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियात त्यांनी लहान मुलांना वस्तू हाताळू देत शिकवायची पद्धत समजून घेतली आणि तिथूनच इथल्या मुलांसाठी सचित्र मराठी वाचनपुस्तकं लिहायला घेतली. मग १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं.

आपल्याला तेवढं लांब जायला नको. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला लेकरं आणा. प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणावी. विळा, चाळण, काहीही. तिच्याविषयी आधी बोलावं, मग चार ओळी लिहाव्यात. आईला लिहिता येत नसेल तर तिनं सांगावं, लेकीनं उतरवावं. चुका नंतर बघू. पानं दोऱ्यानं शिवा. ऊसतोडीला गेलेल्या आईची वाट पाहणं कुठल्या धड्यात नसतं. ते आपल्या लेकरांनीच लिहायचं.