सेंधव्याचा घाट आणि सावद्याचा शेतकरी
(कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



खानदेशातील १८५७ च्या उठावाची हकीकत आपण बहुधा शौर्यकथा म्हणून सांगतो. खाज्या नाईकाचे शौर्य निर्विवाद आहे. परंतु पराभवाची मीमांसा टाळून केलेली वीरपूजा कार्यकर्त्याच्या कामाची नाही.

खाज्या हा सेंधव्याच्या घाटाचा राखणदार. धुळे-शिरपूरवरून इंदूर-महूकडे जाणारा मुंबई-आग्रा रस्ता याच घाटातून चढतो. ताब्यातील एका माणसाच्या मृत्यूबद्दल इंग्रजांनी त्याला तुरुंगात टाकले, कामावरून दूर केले आणि १८५७ मध्ये गरज पडताच पुन्हा बोलावले. काही महिन्यांतच तो उलटला. नोव्हेंबरमध्ये भिल्लांनी इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा खजिना घाटात लुटला.

त्या दिवशी रस्ता त्यांच्या हाती होता! परंतु द्रव्य डोंगरात गेले आणि रस्ता पुन्हा सरकारचा झाला. डिसेंबरात सर ह्यू रोज इंदूरला पोहोचला. त्याच्या फौजेची सारी भिस्त मुंबईवर होती. लहान लहान टोळ्यांनी घाट महिनोन्‌महिने अडवून धरला असता, तर इंग्रज हरले असते असे मी म्हणणार नाही. दिल्ली सप्टेंबरातच पडली होती. पण झाशीवरची मोहीम तरी लांबली असती. झाशी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पडली आणि ११ एप्रिल १८५८ रोजी मेजर इव्हान्सने सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांना गाठले. बायकामुलांसह सारे एकाच ठिकाणी जमले होते. पन्नासांहून अधिक कैद्यांना तिथल्या तिथे लष्करी न्यायाचा देखावा करून गोळ्या घालण्यात आल्या, शेकडो स्त्रिया पकडल्या गेल्या. कोणी म्हणेल, कुटुंबे ठेवायची कोठे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर डोंगरात नव्हते. ते सपाटीवरच्या गावांत होते.

ती गावे भिल्लांसाठी का उघडली नाहीत? १८५२ साली नव्या महसुली मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल भागांतील शेतकरी हजारोंच्या संख्येने एकत्र आले होते. त्यांचे पुढारी पकडण्यासाठी सरकारने भिल्ल पलटण पाठविली. आउट्रॅमने १८२५ मध्ये धरणगावी उभारलेली तीच पलटण. पाच वर्षांनी भिल्ल उठले तेव्हा कुणब्याने दार लावून घेतले, यात नवल ते काय? सरकारने दोघांमध्ये पाचर मारून ठेवली होती.

म्हणून माझ्या मते खरा चुकलेला निर्णय लष्करी नव्हता. हाती सात लाख आले असता नाईकांनी रस्त्यालगतच्या कर्जबाजारी गावांशी बोलणे करावयास हवे होते: सारा भरू नका, सावकाराच्या वह्या आमच्या स्वाधीन करा. हे सोपे नव्हते. शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली तेव्हाही भिल्ल शेतमजूर आणि सपाटीवरचा जमीनदार समोरासमोरच होते. पण लहान शेतकरी म्हणजे जमीनदार नव्हे, आणि सावकाराचा राग त्याच्या मनात भिल्लाइतकाच होता. १८७५ मध्ये पुणे-नगर भागांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. विश्वासघाताने मारल्या गेलेल्या खाज्या नाईकाला तोवर पंधरा वर्षे उलटून गेली होती.