वाचणाऱ्या हाताला काय द्यावे?

(कवठे येमाई, ता. शिरूर येथे विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



येमाई मातेच्या या गावात बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. या गावाला शब्दांचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर हे इथलेच. २०२१ साली ते आपल्यातून गेले. परंतु तमाशाच्या फडांसाठी त्यांनी लिहिलेली गीते आणि वगनाट्ये आजही महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत.

थोड्या वेळापूर्वी आपण माझा शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन सत्कार केलात. त्यामागील प्रेमाचा मी आदर करतो. तरीही घरातील माणसांत मनातले बोलावे, म्हणून बोलतो. अशा शाली कपाटात घडी घालून पडतात, स्मृतिचिन्हांवर धूळ साचते. आज ज्या मुलामुलींचा गौरव झाला, त्यांच्या हाती आपण काय दिले, तर त्यांच्या जीवनाला काही वळण लागेल? एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा शाळा सुटल्यावर वाचत बसलेला असे. तिथे नित्य येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. पुढे त्या मुलाच्या परीक्षेतील यशाबद्दल सत्काराची सभा भरली, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. ज्या समाजाने त्या मुलाला वर्गात वेगळे बसविले, पाण्यापासून दूर ठेवले, त्याच समाजातील एका शिक्षकाने त्याला शेजारी बसवून पुस्तक दिले. १९५६ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी लिहिताना बाबासाहेबांनी या भेटीची आठवण नोंदवून ठेवली. एका पुस्तकाने पेरलेले बीज सुमारे अर्धशतक त्यांच्या मनात रुजत राहिले.

या प्रसंगात भेट देण्याचे सारे शास्त्र आहे. गुरुजींनी आधी मुलाला पाहिले, मग पुस्तक निवडले. त्यांनी एकदा दिले आणि विसरले, असेही झाले नाही. पुढे महाविद्यालयीन शिक्षण अडले, तेव्हा सयाजीराव महाराज गायकवाडांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच होते. भेटीमागे माणूस उभा असला, तरच ती भेट जिवंत राहते.

आपण नेमके याच्या उलट करतो. मीही केले आहे. माझ्या भाच्याला गोष्टींची आवड होती. मी मात्र माझ्या आवडीचा एक जाडजूड वैचारिक ग्रंथ त्याला मोठ्या अभिमानाने दिला. दोन वर्षांनी पाहिले, तर तो ग्रंथ टेबलाच्या लंगड्या पायाखाली विसावलेला! चूक भाच्याची नव्हती. मी त्याला पुस्तक दिले नव्हते, उपदेश दिला होता.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. वाचणाऱ्याने नुकतेच काय वाचले आणि त्यातले त्याला काय आवडले, हे आधी विचारा. गावातील ग्रंथपालाला विचारा. कोण कोणते पुस्तक पुन्हा पुन्हा नेतो, हे त्याला नक्की ठाऊक असते. आजोबांना द्यायचे असेल, तर अक्षर मोठे आहे ना, ते पाहा. ज्याच्याकडे पुष्कळ पुस्तके आहेत, त्याला आणखी एक देण्यापेक्षा त्याचे फाटलेले आवडते पुस्तक नवी बांधणी करून द्या. कोणाला वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरून द्या. दिवाळीत मिठाईच्या पेटीबरोबर दोन दिवाळी अंक द्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा आपल्या मराठीचेच वैभव आहे. आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने दोन ओळी, नाव आणि तारीख अवश्य लिहा. पुस्तकाची किंमत विसरली जाते, हस्ताक्षर विसरले जात नाही.

एक पथ्यही पाळा. घरातील रद्दी वाचनालयात नेऊन टाकणे, याला ग्रंथदान म्हणत नाहीत. जे आपण स्वतः आनंदाने वाचू, तेच द्यावे.

नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आश्रयाने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. लोकांच्या देणग्यांतून पुस्तकांच्या पेट्या तयार झाल्या आणि वाचकांच्या दारापर्यंत पोहोचल्या. पुढे त्या परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या. वाढदिवस असो वा आईवडिलांचे पुण्यस्मरण, त्या निमित्ताने काढलेले थोडे पैसे अशा रीतीने कितीतरी घरांत वाचले जातात. अशी एक पेटी आपल्या वाड्या-वस्त्यांवर का फिरू नये?

कारण इथला प्रश्न निव्वळ हौसेचा नाही. बिबट्याच्या भीतीने सांजवेळी मळ्यातील वस्तीवरची मुले घराबाहेर पडत नाहीत. वाचनालय गावात आणि वाचक वस्तीवर, अशी स्थिती असते. दहावीनंतर एखाद्या मुलीची शाळा सुटते, तेव्हा तिच्या हातातील शेवटचे पुस्तक बहुधा पाठ्यपुस्तकच असते. त्या मुलीपर्यंत कोणी केळुसकर गुरुजी पोहोचणार आहेत का?

माझी एवढीच विनंती आहे. पुढील वर्षी या व्यासपीठावर माझ्यासारख्या पाहुण्याला शाल देऊ नका. त्या पैशांतून एक पुस्तक घ्या, ते कोणाला द्यायचे हे आधी ठरवा, आणि चार महिन्यांनी त्या मुलाकडे वा मुलीकडे जाऊन विचारा, ‘बाळ, कसे वाटले?’ तो प्रश्न विचारायला येण्याचे निमंत्रण मिळाले, तर मी तो माझा सर्वांत मोठा सत्कार समजेन.