गोळीची झोप आणि खरी झोप
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



पंचवटीतील आपल्या या रुग्णालयात न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या एका आजींना रात्री झोप लागत नव्हती. मुलाने विनवले, "सिस्टर, आईला काहीतरी द्या. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही." झोपेची गोळी दिली गेली. पहाटे आजी स्वच्छतागृहाकडे जाण्यास उठल्या, तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. दोष मुलाचा नव्हता, आमचा होता. झोप का येत नाही, हे आम्ही विचारलेच नाही.

डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. फिट थांबविण्यासाठी किंवा दारू सोडताना होणारा त्रास आवरण्यासाठी या गटातील औषधे आजही मोलाची आहेत. मात्र वृद्धांमध्ये त्यांमुळे तोल जातो, भ्रम होतो, स्मरण मंदावते. डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी अयोग्य औषधांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या आजच्या आवृत्तीतही ही औषधे ६५ वर्षांवरील व्यक्तींना शक्यतो टाळावीत, असा सल्ला आहे.

दुसरा धोका घरी पोहोचतो. चार रात्रींसाठी लिहिलेली गोळी डिस्चार्ज कार्डावर उतरते आणि वर्षानुवर्षे चालू राहते. आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, अल्प्राझोलाम 'कुत्ता गोळी' या नावाने नशेसाठी विकले गेले, हे आपण जाणताच. १ मार्च २०१४ पासून हे औषध अनुसूची एच-१ मध्ये आहे. त्याच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्यास तीन वर्षे जपावी लागते. परंतु कायदा दुकानाच्या दारात उभा असतो. चिठ्ठी लिहिणारा हात आमचा असतो.

मग उपाय कोणता? अमेरिकेतील येल येथे ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरम पेय, पाठीला हलके मालीश, मंद संगीत, कमी गोंगाट, दिवसा चालविणे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, अशा साध्या गोष्टींमुळे भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर आले.

पेठ-सुरगाण्याहून आलेल्या रुग्णाला रात्रभर जळणाऱ्या ट्यूबलाइटखाली झोप कशी यावी? म्हणून आता रात्री दहानंतर वॉर्डातील दिवे मंद होतात. तातडी नसेल तर मध्यरात्री रक्तदाब मोजण्यासाठी रुग्णास उठविले जात नाही. गोळी लिहिण्यापूर्वी वेदना, खोकला, लघवीची अडचण, मनातील भीती यांची विचारपूस होते. गोळी लिहिलीच तर ती थांबविण्याची तारीखही लिहिली जाते.

आप्तजनांस एक विनंती. घरी अशी गोळी दीर्घकाळ चालू असल्यास ती एकाएकी बंद करू नका. त्याने फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी.

दात्यांसही एक विनंती. यंत्रासाठी देणगी मिळते आणि त्यावर नाव कोरता येते. रात्रपाळीच्या आणखी एका मावशीच्या पगारावर नाव कोरता येत नाही. पण त्या रात्री आजींना हात धरून नेणारी एखादी मावशी असती, तर त्या चालत घरी गेल्या असत्या.