खंड की खंडणी?

(गोरेगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुसऱ्याची जमीन वापरल्याबद्दल जे द्यावयाचे त्यास आपण खंड म्हणतो, आणि धाकदपटशाने जे उकळले जाते तिला खंडणी. अक्षरांचा फरक थोडा आहे. पण घेणारा धनी ठरतो की गुन्हेगार, हे त्यावरून ठरते. मी जन्मभर महाविद्यालयात रिकार्डोचा खंडसिद्धांत शिकवला. मात्र खंड कोणता आणि खंडणी कोणती हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे कधी ठेवला नाही. निवृत्तीनंतर खानदेशचे जुने गॅझेटियर निवांतपणे वाचताना तो मला प्रथम सुचला.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. दख्खनचे कमिशनर होते एल्फिन्स्टन. खानदेशचा कारभार त्यांनी कॅप्टन ब्रिग्जकडे सोपविला. सातपुडा, सातमाळा आणि सह्याद्रीची टोके भिल्ल नाइकांच्या हाती होती. हे नाईक घाट राखीत, त्यांची माणसे गावात जागल्याचे काम करीत आणि त्याबद्दल गावाकडून व वाटसरूंकडून ठरलेले हक्क घेत. ही व्यवस्था सुखाची होती असे मी म्हणत नाही. 1802 नंतरची होळकरी धामधूम, पेंढारी आणि दुष्काळ यांनी ती मोडून टाकली होती, आणि आपल्याच राज्यकर्त्यांनी भिल्लांशी जे वर्तन केले ते इंग्रजांहून सौम्य नव्हते. 1804 मध्ये पेशव्यांच्या सरसुभेदाराने कोपरगावी भिल्लांना विश्वासाने बोलावून घेरले व त्यांतील बहुतेकांना दोन विहिरींत लोटले, अशी नोंद त्याच गॅझेटियरात आहे. ती वाचून मी पुस्तक मिटले होते.

कंपनीला हवा होता जमिनीचा सारा आणि माळव्याकडे जाणारा निर्वेध रस्ता. तिच्या दफ्तरात नाइकांच्या हक्कांची नोंद खंडणी म्हणून झाली. हक्क थकविण्यात आले, डोंगराकडे जाणारी रसद तोडली गेली, काही नाईक फासावर गेले. सात वर्षे पलटणी डोंगरांत धावत राहिल्या. गोळीने मेले त्याहून अधिक शिपाई हिवतापाने खिळले. खर्च वाढला, सारा वाढेना. अखेर हिशेबानेच सरकारला शहाणपण शिकविले.

येथे थोडे दूर जाऊ. क्वेबेकची वसाहत फ्रेंचांनी 1608 मध्ये स्थापिली. त्यांना हवे होते बीव्हर या प्राण्याचे कातडे, कारण युरोपात त्याच्या टोप्यांना मोल होते. ते कातडे तेथील मूळ रहिवाशांशिवाय कोणी आणून देऊ शकत नव्हते. म्हणून फ्रेंच त्यांच्यात राहिले, त्यांच्या भाषा शिकले, त्यांच्या भांडणांतही पडले, आणि 1701 मध्ये माँट्रिअल येथे सुमारे चाळीस जमातींशी तह करून बसले. दरवर्षी ते या जमातींना दारूगोळा, कापड, भांडी देत. फ्रेंचांच्या लेखी ती भेट होती. जमातींच्या लेखी आपल्या भूमीवर किल्ले बांधू दिल्याचे ते देणे होते. फ्रेंच मनाने अधिक उदार होते असे नव्हे. त्यांच्याबरोबर आलेल्या देवीच्या साथींनी ह्यूरॉन लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या. पण कातड्याच्या व्यापाराला शिकारी जिवंत लागतो. इंग्रज वसाहतवाल्यांना शेतजमीन हवी होती, आणि शेतजमिनीवर मूळ धनी ही अडचण असते.

फ्रेंचांचा पाडाव झाल्यावर इंग्रज सेनापती अ‍ॅमहर्स्ट याने त्या भेटी लाचखोरी ठरवून कमी केल्या. 1763 मध्ये पॉन्टियॅकच्या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला आणि सरहद्दीवरचे एकामागून एक किल्ले पडले. त्याच वर्षी राजाला जाहीरनामा काढून अ‍ॅपलेशियन डोंगरापलीकडे वसाहतीस मनाई करावी लागली. ती मनाई वसाहतवाल्यांनी फारशी पाळली नाही, हे सांगावयास नकोच. अ‍ॅमहर्स्टने भेटी तोडल्या आणि ब्रिग्जच्या कारभारात हक्क थकले. मधे निम्मे जग आणि अर्धे शतक, पण हिशेबातील चूक एकच.

खानदेशात ती दुरुस्त केली 1825 मध्ये. तीन भिल्ल एजन्सी निघाल्या. आउट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारावयास घेतली. तो भिल्लांमध्ये पहाऱ्याशिवाय राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. त्याच्या या धाडसाच्या कथा इंग्रजी चरित्रांत भरभरून आहेत आणि त्या खऱ्याही असाव्यात. माझे लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे जाते. नाइकांना पेन्शने मिळाली, जमीन, बैल आणि तगाई मिळाली, जुन्या गुन्ह्यांना माफी मिळाली. परंतु घाट राखण्याचा त्यांचा हक्क मान्य झाला नाही. जे काल देणे होते ते आज कृपा झाले. कृपा परत घेता येते.

सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक सरकारी चाकरीत होता. ती चाकरी त्याला गमवावी लागली. 1857 मध्ये तो बंडात उतरला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीच्या लढाईत त्याच्या माणसांची वाताहत झाली, आणि पकडलेल्यांतील अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या.

डांगात हीच गोष्ट सागवानापायी घडली. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता. 1830 मध्ये डांगावर फौज गेली, आणि 1842 मध्ये त्याच भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेण्यात आले. पट्टा घेणे म्हणजे धनी कोण हे कबूल करणे. मग 1878 चा जंगल कायदा आला आणि त्याने देशभर जंगलातल्या वहिवाटीला सरकारी सवलतीच्या पायरीवर आणून बसविले. डांगात आजही होळीच्या सुमारास आहव्याला दरबार भरतो, राजांच्या वंशजांना पेन्शन दिले जाते, छायाचित्रे निघतात. मूळ पट्ट्याची आठवण समारंभ होऊन उरली आहे.

आता आपल्या उपनगराकडे येतो. साष्टी बेट पोर्तुगीजांकडे 1534 मध्ये गेले, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतले, 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी बळकावले. या प्रत्येक बदलात खोत, इनामदार, पट्टेदार बदलले. डोंगरातला वारली, कोकणा, मल्हार कोळी कोणत्याच कागदावर धनी म्हणून आला नाही. इंग्रजांना येथे कातडे नको होते की सागही नको होता. शहराला पाणी हवे होते. 1860 मध्ये विहार तलाव पुरा झाला, मग तुळशी, मग पवई. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये आरे दूधवसाहत आली. तिच्या सुमारे 3,000 एकरांत 27 पाडे. शहराला पाणी, मग दूध, आणि 2019 च्या ऑक्टोबरात रात्रीतून झाडे तोडली तेव्हा मेट्रोची कारशेड. मेट्रो नको असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. अंधेरीहून येथे येताना तिच्यानेच आलो.

पण प्रजापूर पाड्यातल्या कुटुंबांना चकाल्याच्या इमारतीत खोल्या देण्यात आल्या, त्या झोपडपट्टी पुनर्वसन म्हणून. या शब्दाकडे पाहा. भातखाचर, ताडीचे झाड, वाघोबाचे ठाणे असलेला माणूस झोपडीधारक म्हणून मोजला गेला की त्याला मिळणारी खोली सरकारची मेहेरबानी होते, आणि खाचराचा प्रश्नच उरत नाही. आपल्या काही कार्यकर्त्यांनीही, हेतू चांगला असूनही, पाड्यांत जाऊन घरांचेच अर्ज भरून घेतले. मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. अर्जाचा नमुनाच तसा छापलेला असतो.

2006 च्या वनहक्क कायद्याने दाव्याची सुरुवात ग्रामसभेकडे दिली आहे. महापालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायत नाही, म्हणून ग्रामसभा नाही, म्हणून दावा नाही, असे उत्तर पाड्यांतल्या लोकांना मिळते. ग्रामपंचायत नसली तरी पाडा आहे, माणसे आहेत आणि ती एकत्र बसू शकतात. येत्या पावसाळ्यापूर्वी एकेका पाड्यात बसून कोणते खाचर कोण किती पिढ्या कसतो, कोणते झाड कोणाचे, पाणी कोठून येते, हे वृद्ध माणसांच्या तोंडून लिहून घ्यावयाचे आहे. त्या कामाला कोण कोण येणार, त्यांनी आपली नावे जाण्यापूर्वी द्यावीत. माझे नाव मी लिहिले आहे. चढावर मात्र कोणाला तरी माझा हात धरावा लागेल.