चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी

(गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, लिखित स्वरूपात)



मंडळाने मला नोकरीतल्या माणसाच्या एमबीएवर बोलायला सांगितलं. विषय कुठून आला असेल याचा अंदाज आहे. समोर बसलेल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली पुण्याला, नोएडाला, बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. बारा-पंधरा वर्षं झाली. त्यातलं कुणीतरी दिवाळीला घरी येऊन म्हणतं, "मी एमबीएला अर्ज करतोय." मग काकू विचारतात, "अरे, एवढी चांगली नोकरी, घराचे हप्ते चालू, पोरगी शाळेत, आणि आता कसली परीक्षा?" काकूंचा प्रश्न अगदी रास्त आहे. मुलाखतीला बसलेले प्राध्यापकसुद्धा हाच विचारतात, फक्त इंग्रजीत.

मी शिकले इथल्याच एमआयटीएसमध्ये, चौदा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि सदतिसाव्या वर्षी एका वर्षाच्या पूर्णवेळ एमबीएला गेले. तेव्हापासून दरवर्षी पाच-सात ओळखीच्यांचे अर्ज वाचून देते. आज सांगणार आहे ते त्या अनुभवातलं.

आधी आपल्या गावची एक गोष्ट. 1918 साली माधवराव महाराजांनी भातखंडे यांच्या मदतीने इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू केलं. शिकवायला गवयी हवे होते, आणि ग्वाल्हेरात गवयांची काय कमी! तरी महाराजांनी इथल्या काही गवयांना आधी मुंबईला भातखंड्यांकडे पाठवलं. त्यांत राजाभैय्या पूंछवाले होते. जन्म 1882 चा, म्हणजे तेव्हा पस्तिशीचे. गाणं त्यांना येत होतंच. ते शिकायला गेले स्वरलिपी आणि वर्गात बसलेल्या मुलांना क्रमाने शिकवायची रीत. पुढे ते त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले. स्वतः भातखंडे तरी कोण? वकिली सोडून संगीताच्या मागे लागलेला माणूस.

हे सांगायचं कारण असं की पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाच्या अर्जात संस्था हेच शोधते. तुम्हाला काय येतं ते रिझ्युमेवर दिसतंच. काय येत नाही आणि ते आत्ताच का हवं आहे, हे ज्याला नेमकं सांगता येतं त्याचा अर्ज पुढे सरकतो. "करिअरमध्ये वाढ हवी" हे उत्तर झालं नाही. "माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, पण उत्पादनाची किंमत ठरवायच्या बैठकीत मला बोलावत नाहीत, आणि बोलावलं तरी मला ताळेबंद वाचता येत नाही" हे उत्तर झालं.

आता वाटा कोणत्या? कॅट देऊन दोन वर्षांचा जो अभ्यासक्रम असतो तो मुख्यतः विशीतल्या मुलांचा, त्यात आपण शिरू नये. अनुभवी माणसांसाठी एक वर्षाचे निवासी अभ्यासक्रम आहेत. अहमदाबादच्या आयआयएमचा 2006 पासून आहे, त्याला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. कोलकाता, बंगळूर आणि आपल्या जवळचं इंदूर इथे किमान पाच वर्षं. हैदराबादच्या आयएसबीचाही एक वर्षाचाच. नोकरी सोडायची नसेल तर शनिवार-रविवारचे वर्ग आहेत. लखनौ आयआयएमच्या नोएडाच्या आवारात असा अभ्यासक्रम चालतो, आणि बंगळूरच्या आयआयएमने तर 1998 मध्येच खास सॉफ्टवेअरवाल्यांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रम काढला होता. परदेशात जायचं असेल तर एमआयटीचा स्लोन फेलोज किंवा स्टॅनफर्डचा एमएसएक्स आहे. हे दोन्ही मधल्या टप्प्यावरच्या लोकांसाठीच आहेत, स्टॅनफर्डला किमान आठ वर्षांचा अनुभव लागतो.

सत्या नडेला मायक्रोसॉफ्टमध्ये काम करत असताना शनिवार-रविवारी विमानाने शिकागोला जाऊन शिकले आणि 1997 मध्ये एमबीए झाले, हे सगळे सांगतात. मात्र तेव्हा ते पंचविशी-तिशीत होते. मुलाचा गृहपाठ आणि वडिलांचा रक्तदाब सांभाळून विमानं पकडणं ही वेगळी गोष्ट आहे.

परीक्षेची धास्ती सगळ्यांना असते. जीमॅट 2023 च्या नोव्हेंबरपासून सुटसुटीत झाली आहे: सव्वादोन तास, 64 प्रश्न, निबंध नाही, भूमितीसुद्धा काढली. गणिताच्या भागात कॅल्क्युलेटर मिळत नाही. इतकी वर्षं सगळं एक्सेलवर केलेल्या माणसाचे पाढे विसरलेले असतात, तेवढे घोटावे लागतात. रोज पहाटे दीड तास, तीन-चार महिने, एवढ्यात होतं. गुण पाच वर्षं चालतात. परीक्षेवर याहून जास्त वेळ घालवू नये.

खरं अडतं ते निबंधापाशी. आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलेलं असतं की स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. त्यात आपण ग्वाल्हेरचे, शाळेत हिंदीत 'मैं' ऐवजी 'हम' म्हणत वाढलेले. त्यामुळे अर्जभर "आम्ही प्रणाली बदलली, आम्ही वेळेत काम दिलं" एवढंच येतं. वाचणाऱ्याला कळत नाही की या 'आम्ही'त हा माणूस कुठे होता. एकाच्या निबंधात असंच लिहिलं होतं: "आम्ही ग्राहकाची बिलिंगची यंत्रणा क्लाउडवर नेली." मी त्याला तासभर खोदून विचारलं. तेव्हा बाहेर आलं की ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी त्याला आकड्यांत तफावत दिसली, त्याने दोन आठवडे काम थांबवलं, ग्राहक फोनवर चिडला, साहेब गप्प बसले, पण महिनाअखेरची बिलं बरोबर निघाली. म्हटलं, अरे, हेच लिही की! तर म्हणतो कसा, "ताई, हे तर भांडण होतं, यात सांगण्यासारखं काय आहे?" पण निर्णय त्याचा होता, धोका त्याने पत्करला होता. त्यात बढाई कुठेच नव्हती. रिझ्युमेचंही तसंच. जावा, ओरॅकल, पायथन अशी वाणसामानाची यादी व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाच्या उपयोगाची नाही.

शिफारसपत्रासाठी लोक सर्वांत मोठ्या खुर्चीमागे धावतात. ज्या साहेबांनी तुम्हाला वर्षातून दोनदा पाहिलंय ते "कष्टाळू आहे" याहून काय लिहिणार? रोज ज्यांच्याशी काम पडतं त्यांना विचारा. अर्थात, ऑफिसात बातमी फुटते, आणि कधी कधी त्या वर्षीची बढती हुकते, हेही धरून चाला.

आता पैसे. मोठ्या संस्थांत एक वर्षाची फी पंचवीस-तीस लाखांपुढे सहज जाते. फी तीस लाख धरा, आणि वर्षभराचा हातात येणारा पगार चोवीस लाख, तोही बुडणार. झाले चोपन्न. घराचा हप्ता महिना पंचेचाळीस हजार असेल तर ते पाच लाख चाळीस हजार त्या बिनपगारी वर्षातच उभे करायचे. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, नव्यात नाही. हा हिशेब कागदावर मांडून जोडीदाराला दाखवल्याशिवाय फॉर्म उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि साहेबांशी पटत नाही किंवा कपातीची भीती वाटते, एवढंच कारण असेल तर चोपन्न लाख फार झाले. त्याला दुसरी नोकरी शोधणं स्वस्त पडतं. पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर कॅम्पसवर येणाऱ्या सगळ्याच कंपन्या आपल्यासाठी नसतात. संस्थेला आधीच विचारा की माझ्या वयाची, माझ्या क्षेत्रातली माणसं गेल्या वर्षी कुठे लागली.

घरातल्या गोष्टीवर थोडं थांबते. मी गेले तेव्हा मुलगा दुसरीत होता. माझी आई दौलतगंजातलं घर सोडून सहा महिने पुण्याला येऊन राहिली. बाबा इथे एकटे राहिले, डबा लावून. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण त्या वर्षी आमच्या घरी गणपती दीड दिवसाचाच बसला. फीच्या आकड्यात हे कुठे धरायचं? म्हणून सांगते, मुलांनो, आई-वडिलांना प्रवेश मिळाल्यावर कळवू नका, अर्ज भरायच्या आधी विचारा. त्यांना नाही म्हणायला जागा ठेवा. आणि काकूंनो, मुलगा अर्ज करतो म्हणाला की तुम्ही खर्चाचं विचारता, सून म्हणाली की "मग पोराचं कोण बघणार?" असं विचारता. दोघांनाही दोन्ही प्रश्न विचारा. माझ्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्या मुली निम्म्याहून कमी आहेत, आणि त्या थांबतात त्या परीक्षेपाशी नाही, या प्रश्नापाशी.

वेळेचं सांगून संपवते. आपल्याकडचे बरेचसे एक वर्षाचे अभ्यासक्रम एप्रिलच्या आसपास सुरू होतात आणि अर्जाच्या फेऱ्या आदल्या वर्षी पावसाळा सरताना सुरू होतात. येत्या एप्रिलसाठी घाई करण्यापेक्षा पुढच्या वर्षीची तयारी यंदाच्या दसऱ्याला सुरू केलेली बरी. मी विसर्जनापर्यंत इथेच आहे. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी उद्या संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपामागच्या खोलीत यावं. रिझ्युमे छापील आणा, मोबाइलवर दाखवू नका, आणि त्यातले सगळे 'आम्ही' लाल पेनाने आधीच अधोरेखित करून आणा.