रंगाखालचे काम



'शिक्षण आणि हुनर' या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मोठमोठ्या ग्रंथांचे दाखले देण्याऐवजी मी आपल्या शेजारच्याच एका कामाविषयी बोलणार आहे. काशीमिऱ्याला महामार्गालगतच्या गॅरेजांत मोटारींचे डेंटिंग-पेंटिंग चालते. आपल्यातील कित्येक घरांची चूल या कामावर पेटते. नववी-दहावीत मुलाचा एखादा विषय राहिला की "आता याला गॅरेजवर टाकतो," असे म्हणणारे पालकही मला दरवर्षी भेटतात. या वाक्याचा आज आपण नीट विचार करू.

या हुनराला मुंबईत मोठा इतिहास आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी या मोटारी बाहेर पडल्या. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळी-पिवळी पद्मिनी इतिहासजमा झाली. समुद्राच्या खाऱ्या हवेत, उत्पादन थांबल्यावरही, ही गाडी इतकी वर्षे धावली, याचे श्रेय गंजलेला पत्रा कापून नवा बसवणाऱ्या कारागिरांनाही आहे.

अशाच कारागिरांपैकी एक बुजुर्ग उस्ताद माझ्या परिचयाचे आहेत. उमेदीच्या काळात त्यांनी टॅक्सींचे पत्रे ठोकले. पुढे हौशी ग्राहकांसाठी जुन्या गाड्या नव्याने बांधल्या आणि रंगवल्या. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन बसतो. मी बी.ए., बी.एड. आहे, पण तेथे मी विद्यार्थी असतो.

त्यांचा पहिला धडा धीराचा. दबलेल्या पत्र्याला एका बाजूने लोखंडी डॉलीचा आधार देऊन दुसऱ्या बाजूने ते हातोडी चालवतात. मग डोळे मिटून तळहात फिरवतात. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो. त्यानंतर पातळ पुट्टी, घासकाम, प्रायमर, पुन्हा पाणी लावून बारीक कागदाने घासणे, आणि सर्वांत शेवटी रंग. शागीर्द घाई करू लागला की ते म्हणतात, "रंग काही लपवत नाही. जितकी चमक जास्त, तितका ऐब जास्त दिसतो." परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावे.

दुसरा धडा गणिताचा. सपाट पत्रा नळीसारखा गुंडाळता येतो; पण चेंडूसारखा दोन्ही बाजूंनी गोल करायचा तर तो कोठेतरी ताणावा किंवा आवळावा लागतो. संत्र्याची साल टेबलावर सपाट होत नाही, ती फाटते, त्याचे कारणही हेच. मडगार्ड घडवताना उस्ताद हा नियम रोज पाळतात. रंगाच्या दोन भागांना हार्डनरचा एक भाग असे प्रमाण असेल, तर सहाशे मिलीलिटर रंगाला तीनशे मिलीलिटर हार्डनर लागतो. प्रमाण चुकले तर रंग नीट वाळत नाही आणि सगळे काम खरवडून काढावे लागते. वर्गात "सर, त्रैराशिक कशाला शिकायचे?" असे विचारणाऱ्या मुलांना याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

तिसरा धडा त्यांच्या खंतीतून मिळाला. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. ते एकदा म्हणाले, "मास्तर, माझ्या हाताला सगळे कळते, पण डब्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागतं." त्या डब्यावर प्रमाण असते, तसाच धोक्याचा इशाराही असतो. दोन भाग मिसळून तयार होणाऱ्या मोटारीच्या रंगांच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट हे द्रव्य असते. त्याच्या फवाऱ्याने दम्याचा विकार जडू शकतो. नाकावर बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. त्यासाठी योग्य मास्क आणि हवा खेळती असलेली जागा लागते. वाचता येणारा मुलगा हे वाचील आणि मालकाकडे मास्क मागेल. न वाचणारा आपली छाती गमावून बसेल.

कायदाही वाचावा लागतो. हौशी ग्राहक गाडीचे रूप पालटून मागतो; परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने अशा बदलांवर मर्यादा घातल्या आहेत आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या अधोरेखित केल्या. गाडीचा रंग नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. तो बदलला तर आरटीओला कळवावे लागते. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या सुधारणेनुसार, घरच्या व्यवसायासारखे मोजके अपवाद वगळता, चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोक्याची कामे देता येत नाहीत.

तेव्हा पालकहो, गॅरेजमध्ये कमीपणा मुळीच नाही. कमीपणा आहे तो "टाकतो" या शब्दात. मुलगा नापास झाला म्हणून त्याला तेथे टाकू नका. त्याची शाळा पुरी होऊ द्या. मोटारीच्या बॉडी दुरुस्तीचे आणि रंगकामाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आयटीआयच्या योजनेत आहेत. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारीही करता येते. एवढी शिदोरी घेऊन मुलगा उस्तादाच्या हाताखाली गेला, तर हुनर आणि अक्षर दोन्ही त्याचे होतील.

संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षी भूमितीच्या एका तासाला अशा बुजुर्ग कारागिराला पाहुणा म्हणून बोलवावे, आणि त्याच आठवड्यापासून गॅरेजमधील प्रौढांसाठी रात्रीचा साक्षरता वर्ग सुरू करावा. त्या वर्गात विनामूल्य शिकवण्याची जबाबदारी मी घेतो.