दोन फासे, एक पान नियम

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल, तर जरा टेका. आज हप्ता, व्याज, वसुली यातलं काही सांगणार नाही. आज एका खेळाबद्दल बोलायचंय.

लहानपणी आपण सगळ्या भातुकली खेळलो. तू आई हो, मी शेजारीण, ही पाहुणी. पट नाही, सोंगट्या नाहीत. बोलत बोलत गोष्ट पुढं जायची. अडायचं कुठं? "मी दार ढकललं." "नाही ढकललंस, आतून कडी होती." झालं, भांडण. खेळ मोडला.

मोठ्या माणसांनीही असाच खेळ काढलाय. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापून आला. चार-पाच जणं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक सोंग घेतात. दार उघडलं की नाही, असा प्रश्न आला की फासा टाकायचा. भांडण फासा मिटवतो.

माझा भाचा पुण्याला शिकतो. दिवाळीत तो हा खेळ घेऊन आला आणि माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. आपल्या प्रशिक्षणात आपण 'बँकेत कर्ज मागणे' असं छोटं नाटक करतो. पण मॅनेजर होणारी आपलीच मैत्रीण. ती दोन मिनिटांत "घ्या ताई कर्ज" म्हणते, टाळ्या वाजतात. मग खऱ्या बँकेत साहेबांनी भलताच प्रश्न विचारला की आपली वाचा बसते. कारण नाटकात आपल्याला कधी कुणी "नाही" म्हटलेलंच नसतं. वाटलं, इथं फासा हवा. मैत्रिणीला नाही म्हणवत नाही, फाशाला म्हणवतं.

पहिल्या बैठकीत मी मोठी चूक केली. भाच्याचाच खेळ जसाच्या तसा मांडला. त्याची मुख्य पुस्तकंच तीन, एकेक जाडजूड. फासे चार बाजूंच्यापासून वीस बाजूंच्यापर्यंत. एकेकीचं पात्र तयार करता करता दिवेलागण झाली. बायका उठल्या, "ताई, भाकऱ्या टाकायच्यात" म्हणून निघून गेल्या. गोष्ट सुरूच झाली नाही.

तेव्हा कळलं, खेळ निवडताना आधी नियम निवडायला हवेत. मी चार कसोट्या लावल्या. तुम्हीही लावून बघा.

पहिली, नियम तोंडी सांगता आले पाहिजेत. आपल्यात काही जणींना वाचता येत नाही. पुस्तक उघडावं लागलं, की ज्यांना वाचता येतं त्यांचंच राज्य सुरू होतं.

दुसरी, फासे घरातले हवेत. आम्ही चिंचोके फोडून बघितले. पण चिंचोक्याचे दोन अर्धे सारखे फुटत नाहीत, मग एकच बाजू जास्त पडते. शेवटी पोरांच्या सापशिडीतले फासे घेतले.

तिसरी, कुठल्याही गोष्टीला चालला पाहिजे. आज बँक, उद्या ग्रामसभा, परवा भुताची गोष्ट. १९८६ साली निघालेला 'गर्प्स' नावाचा खेळ यासाठीच केलाय. साधे तीन फासे, आणि कुठल्याही काळातली गोष्ट चालते. पण नियम इतके, की पुन्हा जाड पुस्तक आलंच. दुसऱ्या टोकाला 'लेझर्स अँड फीलिंग्स' म्हणून एक खेळ आहे. सगळे नियम एका पानावर! प्रत्येकाला दोन ते पाचमधला एक आकडा, बस्स. पण तो लिहिलाय अंतराळयानाच्या गोष्टीसाठी.

चौथी कसोटी सगळ्यात मोठी. हरलं तरी गोष्ट थांबता कामा नये. इथं उपयोगी पडला व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांचा २०१० सालचा 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'. त्याचं बाकी सगळं आम्ही सोडलं, फक्त गाभा घेतला. दोन फासे टाका, बेरीज करा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते. सात ते नऊ आले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. सहा किंवा कमी आले तर फिसकटतं, आणि त्यातून नवीन भानगड सुरू होते.

दोन फासे ३६ तऱ्हांनी पडतात. त्यातल्या फक्त ६ वेळा काम पुरतं होतं. १५ वेळा अर्धमुर्धं, १५ वेळा फिसकटतं. आपल्या आयुष्यासारखंच आहे की नाही?

आम्ही एवढंच जोडलं. प्रत्येक पात्राला एक गोष्ट चांगली जमते, तिथं एक मिळवायचा. एक जमत नाही, तिथं एक वजा. आमची 'पारू' नावाची खोटीखोटी बाई आहे. हिशोब पक्का, पण साहेबापुढं तोंड उघडत नाही. ती एकटी कचेरीत गेली, तर ३६ पैकी २१ वेळा फिसकटतं. सोबत मैत्रीण असली तर एक वाढतो आणि वजा झालेला भरून निघतो. मग फिसकटतं १५ वेळा. हे खेळातलं गणित आहे. पण "दोघी मिळून जा" असं मी वर्षानुवर्षं सांगत होते, ते बायकांना पटलं या फाशांमुळं.

आणखी एक नियम सांगते, तो कधी सोडू नका. मध्ये एक रिकामी डबी ठेवा. गोष्ट कुणाच्या दुखऱ्या जागी गेली, तर तिनं डबीला हात लावायचा. तेवढा भाग तिथंच सोडून द्यायचा. का, म्हणून कुणी विचारायचं नाही. हाही या खेळवाल्यांचाच रिवाज, ते एक कार्ड ठेवतात. आमच्याकडं एकदा गोष्टीत दारू पिऊन आलेला नवरा आला आणि एकीचा हात डबीवर गेला. आम्ही गोष्ट सरळ बाजारात नेली. ती नंतर माझ्याशी बोलली, पण तिच्या सवडीनं. म्हणून सांगते, सोंग दुसऱ्याचं घ्या. स्वतःचं दुःख फाशावर लावू नका.

आमच्यातल्या एका ताईंचे यजमान वारले. सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचं आणि मुलांचं नाव लावायचं राहिलं होतं. दीर म्हणायचे, घाई काय आहे? ताई तलाठी कार्यालयाच्या पायरीपर्यंत जाऊन परत यायच्या. खेळात त्यांनी तीन वेळा पारू केली. दोनदा फिसकटलं, एकदा तर पारूला कचेरीबाहेर बसवून ठेवलं. बायका हसून लोळल्या, ताईही हसल्या.

गेल्या महिन्यात त्या खऱ्याच गेल्या, शेजारणीला घेऊन. अर्ज दिला. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडायची राहिली होती, म्हणून परत यायला सांगितलं. पूर्वी त्या एवढ्यावर खचल्या असत्या. बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, "आठ पडले. काम होणार, पण अजून एक खेप." आता सोमवारी दाखला घेऊन पुन्हा जाणार आहेत.

नोंद अजून झालेली नाही. पण ताई आता पायरीवरून परत फिरत नाहीत. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत पोरांकडून दोन फासे मागून आणा. अर्धा तास पुरतो, भाकऱ्यांना उशीर होत नाही.